विश्लेषण : जाहिरातीतला गेम डाउनलोड केल्यावर गायब का होतो?

मोबाइलवर बातमी वाचताना, रील पाहताना किंवा एखादा गेम खेळताना मध्येच जाहिरात येते. डोक्यावर उकळता लाव्हा, शेजारी सोन्याची रास आणि मध्ये अडकलेला एक माणूस. योग्य पिन ओढली की माणूस वाचणार. जाहिरातीतला हात मात्र हमखास चुकीची पिन ओढतो आणि माणूस जळून खाक होतो. ‘एवढे तर कोणालाही जमेल’ म्हणून गेम डाउनलोड करावा, तर आत लाव्हाही नाही आणि पिनही नाही. रंगीत तुकडे तीन-तीनच्या ओळीत जुळवत बसायचे. हा प्रकार चुकून घडत नाही. त्यामागे पक्का हिशेब आहे. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कायदा आणि मार्गदर्शक तत्त्वे असूनही या हिशेबाला अजून फारसा धक्का लागलेला नाही. त्याचे एक कारण ‘मोफत’ या शब्दात दडले आहे.

दाखवतात काय, मिळते काय?

या जाहिरातींचे साचे नियमित मोबाइल वापरणाऱ्यांना आता पाठ झाले असतील. पिन ओढून कोणाला तरी वाचवायचे. ‘गुणिले दोन’, ‘अधिक दहा’ अशा कमानींतून सैनिक पळवत नेऊन फौज वाढवायची. कोंडलेल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायची. गारठलेल्या घरात कुडकुडणाऱ्या आई आणि बाळासाठी शेकोटी पेटवायची. वर ‘फक्त एक टक्का लोकांना जमते’ अशी ओळ आणि कोपऱ्यात बुद्ध्यांक मोजणारा काटा.

प्रत्यक्षात हे गेम साधारण दोन जातींचे निघतात. पहिली जात तीन सारखे तुकडे जुळवण्याच्या कोड्यांची. ‘गार्डनस्केप्स’ आणि ‘होमस्केप्स’ हे तिचे गाजलेले नमुने. दुसरी जात तळ उभारणे, सैन्य वाढवणे, इतर खेळाडूंशी युती आणि लढाया करणे अशा लांबलचक रणनीतीच्या खेळांची. ‘लास्ट वॉर : सर्व्हायव्हल’च्या जाहिरातीत कमानींतून धावत गोळीबार करणारे सैनिक दिसतात. गेममध्ये तो भाग तोंडी लावण्यापुरता येतो आणि मग महिनोन्‌महिने चालणारे तळ उभारण्याचे काम सुरू होते. ‘हीरो वॉर्स’ची गतही अशीच. जाहिरातीत पिना आणि आकड्यांचे मनोरे, आत मात्र योद्धे गोळा करून त्यांची ताकद वाढवण्याचा खेळ.

जाहिरातीतला खेळाडू इतका ढ का असतो, हा प्रश्न अनेकांना पडतो. तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. सोपे कोडे कोणी डोळ्यांदेखत चुकवत असेल तर बघणाऱ्याचे बोट शिवशिवते. कॅरमच्या डावात मागे उभ्या राहिलेल्या माणसाला जशी ‘अरे, इकडून मार’ म्हणायची घाई होते, तसेच हे. डाव यशस्वी झालेला दाखवला तर बघणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. अपयशाने संपणारी जाहिरात त्याच्या मनात अपुरीच राहते, आणि तिथेच डाउनलोडचे बटण ठेवलेले असते.

ब्रिटनमध्ये काय घडले?

या प्रकाराची पहिली मोठी दखल घेतली गेली ती २०२० मध्ये. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ हे दोन्ही गेम ‘प्लेरिक्स’ या कंपनीचे. इगोर आणि दिमित्री बुखमन या भावांनी २००४ मध्ये रशियातील वोलोग्दा येथे ती स्थापन केली. पुढे तिचे मुख्यालय आयर्लंडमधील डब्लिनला गेले. पिना ओढण्याच्या तिच्या दोन जाहिराती फेसबुकवर झळकल्या. ब्रिटनमधील ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स अथॉरिटी’ या जाहिरात नियामक संस्थेकडे अवघ्या सात जणांनी तक्रार केली.

कंपनीचा बचाव वाचण्यासारखा होता. पिनांची कोडी गेममध्ये आहेतच, फक्त ती अधूनमधून येतात, असे तिचे म्हणणे. शिवाय जाहिरातीत ‘सर्वच दृश्ये प्रत्यक्ष खेळातील नाहीत’ अशा अर्थाची ओळही दिली होती. नियामकाने दोन्ही मुद्दे फेटाळले. जाहिरातीत दिसणारा खेळ मुख्य खेळापेक्षा फार वेगळा आहे, तिथवर पोहोचायला खेळणाऱ्याला तुकडे जुळवण्याचे बरेच टप्पे पार करावे लागतात आणि बारीक ओळीने ही दिशाभूल दूर होत नाही, असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये या जाहिराती त्या स्वरूपात पुन्हा दाखवू नयेत, असा निर्णय झाला.

पण ही संस्था उद्योगानेच पोसलेली स्वयंनियमनाची व्यवस्था आहे. तिला दंड करण्याचा अधिकार नाही. निर्णय होता दोन गेमच्या दोन जाहिरातींपुरता, तोही एका देशातला. पिना आजही ओढल्या जात आहेत.

खोटे दाखवून कंपनीला मिळते काय?

डाउनलोड करणारा चिडून गेम काढून टाकणार, हे कंपनीलाही ठाऊक असते. तरीही ती असे का करते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, दोन जाहिराती प्रत्येकी २० हजार रुपये खर्चून प्रत्येकी एक लाख लोकांना दाखवल्या. खरा खेळ दाखवणारी जाहिरात पाहून ५०० जणांनी गेम घेतला. म्हणजे एक माणूस ४० रुपयांना पडला. पिनेची जाहिरात पाहून २,००० जणांनी घेतला. एक माणूस पडला १० रुपयांना. या दोन हजारांतले १,४०० जण फसवणूक लक्षात येताच निघून गेले, तरी ६०० उरतात. पहिल्या जाहिरातीने आलेला एकही माणूस गळाला नाही असे मानले, तरी ते ५००च. सत्तर टक्के गिऱ्हाइके शिव्या घालत गेली आणि तरीही धंदा वरचढ राहिला.

मोबाइल गेमच्या अर्थकारणात एक खेळाडू मिळवायला किती खर्च आला आणि तो आयुष्यभरात किती मिळवून देईल, या दोन आकड्यांवर सगळे चालते. बहुतेक खेळाडू एक पैसाही खर्च करत नाहीत. उत्पन्नाचा मोठा वाटा मूठभर लोकांकडून येतो. त्यांना या धंद्यात ‘व्हेल’ म्हणजे देवमासा म्हणतात. देवमासा कोणत्या जाळ्यात सापडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून जाळे शक्य तितके मोठे टाकायचे. कोणती जाहिरात चालेल याचा अंदाजही कोणी बांधत बसत नाही. एकाच गेमच्या असंख्य जाहिराती बनवून थोड्याथोड्या लोकांवर आजमावल्या जातात. ज्यावर बोटे पडतात ती उरते, बाकीच्या मरतात. लाव्हा आणि पिन हा असा चाळणीतून उरलेला माल आहे.

यात जाहिराती दाखवणाऱ्या यंत्रणांचाही हात आहे. स्क्रीनवरची जागा लिलावाने विकली जाते आणि ज्या जाहिरातीवर जास्त लोक क्लिक करतात तिला ती जागा स्वस्तात पडते. म्हणजे खरे दाखवणाऱ्याला त्याच जागेसाठी जास्त मोजावे लागतात. एखाद्या छोट्या स्टुडिओने प्रामाणिकपणे आपला गेम जसा आहे तसा दाखवायचे ठरवले, तर तो लिलावातच मागे पडतो. या धंद्यातली सर्वांत वाईट गोष्ट बहुधा हीच. फसलेल्या माणसाचे दोन मिनिटे आणि थोडा डेटा जातो, प्रामाणिक स्पर्धकाचा मात्र धंदाच जातो.

एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर नवा नियम आणला. वापरकर्त्याचा इतर अ‍ॅपमध्ये माग काढायचा असेल तर अ‍ॅपला आधी त्याची परवानगी विचारावी लागते. ‘नको’ म्हणणारे बरेच निघाले. पैसे खर्च करणारी माणसे नेमकी हेरून त्यांनाच जाहिरात दाखवणे त्यामुळे अवघड झाले. मग कोणालाही थांबायला लावेल अशा व्हिडीओवरची भिस्त आणखी वाढली.

फसलेले लोक टिकतात तरी का?

काही जण चिकटून राहतात, कारण गेम तसा वाईट नसतो. तुकडे जुळवण्याचे हे खेळ अत्यंत सफाईने बनवलेले असतात. पहिले टप्पे सोपे, बक्षिसांची खैरात, मग हळूहळू अडचण. जीव संपले की थांबा किंवा पैसे भरा. आत आलेला माणूस कशासाठी आला होता हे दहाव्या मिनिटाला विसरतो. काही जण ‘पिनेचे कोडे पुढच्या टप्प्यावर असेल’ या आशेवर खेळत राहतात, आणि कंपनीनेही ते कोडे कुठेतरी ठेवलेले असते.

ही उलटी वाट गमतीची आहे. आधी खोटी जाहिरात गाजली, मग तिला खरे ठरवण्यासाठी तसा छोटा खेळ गेममध्ये घुसवला गेला. ‘एव्हनी’सारख्या रणनीतीच्या जुन्या गेममध्येही पिनांची कोडी आली. ‘जाहिरातीत आहे ते गेममध्ये आहे’ असे म्हणण्याची सोय झाली. जपानमधील ‘डी३ पब्लिशर’ने तर २०२३ मध्ये थट्टाच केली. ‘तुम्हाला तेच गेम हवेत ना? मग घ्या’ अशा अर्थाच्या लांबलचक नावाचा एक गेम निन्टेन्डो स्विच आणि संगणकासाठी बाजारात आणला. त्यात पिना, मनोरे, पार्किंग असे खोट्या जाहिरातींतले सगळे खेळ खरोखर खेळता येतात. लोकांनी तो विकत घेतला. म्हणजे त्या खेळांना खरी मागणी होती, आणि इतकी वर्षे ती फक्त गळाला लावलेल्या आमिषासारखी वापरली जात होती.

भारतात फटका कोणाला?

मोबाइल गेमच्या डाउनलोडमध्ये भारत जगात आघाडीवर आहे, पण गेमच्या आत पैसे खर्च करण्यात बराच मागे. त्यामुळे इथल्या बहुतेक खेळाडूंकडून कमाई होते ती जाहिराती दाखवूनच. एका गेममध्ये ‘आणखी एक जीव हवा असेल तर व्हिडीओ पाहा’, त्या व्हिडीओत दुसऱ्या गेमची जाहिरात, तो डाउनलोड केला की त्यात तिसऱ्याची. बंद करण्याची फुली एवढीशी आणि उशिरा उमटणारी. फुलीवर बोट मारायला जावे तर प्ले स्टोअर उघडते. इथे खेळाडू पैशाऐवजी वेळ आणि डेटा मोजतो.

घरातला मोबाइल अनेकदा सामायिक असतो. आईच्या फोनवर दुपारी मुलगा खेळतो आणि जाहिरात यंत्रणेच्या लेखी तो पस्तिशीची बाई असतो. मुलांसाठी म्हणून जाहिरातींवर जी काही बंधने आहेत ती इथे गळून पडतात. त्याच फोनवर यूपीआय किंवा कार्ड जोडलेले असले आणि खरेदीसाठी प्रत्येक वेळी पडताळणी लावलेली नसली, तर रत्ने, नाणी, ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ यांचे बिल महिनाअखेरीस कळते.

याहून घातक जात आहे ती कमाईचे आमिष दाखवणाऱ्या गेमची. फुगे फोडले की स्क्रीनवर पाचशेच्या नोटा पडतात, खाली खात्यात पैसे जमा झाल्याचा खोटा संदेश चमकतो. डाउनलोड केल्यावर सुरुवातीला शिल्लक भराभर वाढते. रक्कम काढण्याची मर्यादा जवळ आली की वाढ पैशापैशाने होऊ लागते, आणि ती मर्यादा काही गाठली जात नाही. तोवर खेळणाऱ्याने शेकडो जाहिराती पाहिलेल्या असतात. गेमवाल्याची कमाई तीच. नोकरी शोधणारा तरुण किंवा घरबसल्या चार पैसे मिळतील म्हणून पाहणारी गृहिणी यांच्यासाठी ही जाहिरात गंमत नसते.

जानेवारी २०२४ मध्ये प्रकरण आणखी पुढे गेले. सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करत आहे आणि आपली मुलगी त्यातून कमावते असे सांगत आहे, असा व्हिडीओ फिरला. तो डीपफेक होता, म्हणजे चेहरा आणि आवाज संगणकाने बनवलेला. तेंडुलकरने स्वतः समाजमाध्यमावर तो खोटा असल्याचे जाहीर केले आणि मुंबईत पोलिसांनी गुन्हा नोंदवला. इथे जाहिरातीतल्या खेळासोबत जाहिरात करणारा माणूसही बनावट होता.

कायदा काय म्हणतो?

कागदावर पाहिले तर बरेच काही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. उत्पादनाचे किंवा सेवेचे खोटे वर्णन करणारी, तिच्या स्वरूपाविषयी ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता असलेली किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरात या व्याख्येत बसते. अशा जाहिरातीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बारीक ओळींचीही पळवाट अडवली आहे. तळटीप ही दाव्याचा खुलासा करण्यासाठी असते. दिशाभूल करणारा दावा तळटीप जोडून दुरुस्त करता येत नाही. मुलांच्या अननुभवाचा आणि भाबडेपणाचा फायदा घेणाऱ्या जाहिरातींनाही त्यांत मनाई आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले. ग्राहकाला नकळत हव्या त्या दिशेला ढकलणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत. त्यातला एक आहे ‘बेट अँड स्विच’. अमुक केले की अमुक मिळेल अशी जाहिरात करायची आणि प्रत्यक्षात फसवून दुसरेच द्यायचे. पिनेच्या जाहिरातीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. ही तत्त्वे भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सर्व मंचांना लागू आहेत, त्यामुळे कंपनी परदेशी आहे हा बचाव निदान कागदावर चालत नाही.

प्राधिकरण हात बांधून बसलेले नाही. स्पर्धा परीक्षांच्या कोचिंग क्लासवर त्याने अनेकदा कारवाई केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रॅपिडो’ला १० लाखांचा दंड झाला. पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये, असा तिचा दावा होता. अटी वाचता न येण्याइतक्या बारीक अक्षरांत होत्या आणि ५० रुपयेही रोख मिळणार नव्हते. ते ५० पर्यंतचे ‘रॅपिडो कॉइन’ होते. गेमच्या जाहिरातींना हाच न्याय लावता येईल.

मग अडते कुठे?

पहिली अडचण ‘मोफत’ या शब्दाची. ग्राहक कायद्यानुसार मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. सेवेच्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा सरळ वगळलेली आहे. शून्य रुपयांत डाउनलोड केलेल्या गेमबद्दल ग्राहक आयोगात गेल्यास पहिला प्रश्न येईल : तुम्ही दिले काय? ज्याने आत एखादी खरेदी केली तो या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. ज्याने फक्त जाहिराती पाहिल्या, त्याने लक्ष आणि माहिती देऊन मोबदला दिला असे म्हणता येईल का, हा वाद घालण्यासारखा आहे. पण तो घालायला वकील लावून कोण जाणार? नुकसान माणशी इतके थोडे असते की तक्रारच होत नाही. तक्रार नाही म्हणून प्रकरण नाही, आणि प्रकरण नाही म्हणून प्राधान्यही नाही. कोचिंग क्लासला लाखाची फी भरलेला पालक लढतो, पिनेसाठी कोणी लढत नाही. खरे तर अशा विखुरलेल्या नुकसानीसाठीच प्राधिकरणाला स्वतःहून दखल घेण्याचा अधिकार दिलेला आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. टीव्हीवरची जाहिरात सगळ्यांना सारखीच दिसते, मोबाइलवरची ज्याची त्याला. आज दिसली, उद्या तिची जागा दुसरीने घेतली. मुंबईतील ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही १९८५ पासूनची स्वयंनियमन संस्था डिजिटल जाहिरातींच्या तक्रारीही घेते. पण तिच्या संहितेला केबल टीव्हीच्या नियमांनी जे बळ दिले आहे, तसे मोबाइलवर नाही. त्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही. फोनवर ती संस्था सांगू शकते, विनंती करू शकते, नाव जाहीर करू शकते.

ऑनलाइन गेमिंग कायद्याने हे थांबेल का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा दोन दिवसांत मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायच्या गेमवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यात बंदी आहे. अशा गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण त्याचा परिणाम लगेच दिसला. ‘ड्रीम११’ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचे नाव उतरले.

पिनांच्या जाहिरातींना हा कायदा स्पर्श करत नाही. तिथे पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात. रत्ने विकत घ्यायची, ती परत रुपयांत बदलत नाहीत. कायद्याच्या भाषेत तो ‘सोशल गेम’ ठरतो आणि त्याला उत्तेजनच द्यायचे आहे. चमत्कारिक बाब अशी की नोटांचा पाऊस पाडणारे बनावट कमाईचे गेमही या व्याख्येतून निसटू शकतात. त्यांत खेळणारा आपले पैसे लावतच नाही. बंदी आलेल्या गेममध्ये निदान जिंकलेले पैसे कोणाला तरी मिळत होते.

गुगल, अ‍ॅपल, मेटा यांची जबाबदारी?

स्टोअरच्या पानावरची छायाचित्रे खऱ्या खेळातली असावीत, असे दोन्ही स्टोअरचे नियम सांगतात. अ‍ॅपलची नियमावली तर स्टोअरच्या बाहेर केलेल्या दिशाभूल करणाऱ्या प्रचारासाठीही अ‍ॅप काढून टाकता येईल असे म्हणते. तसे होताना मात्र क्वचितच दिसते. गेममधल्या खरेदीवर स्टोअर साधारण १५ ते ३० टक्के वाटा घेतात, आणि जाहिरातीचे पैसे गुगल आणि मेटा यांच्याकडे जातात. रखवालदाराचा पगार चोरीच्या मालातून निघत असेल तर तो किती वेळा शिट्टी वाजवेल?

आपण केवळ मध्यस्थ आहोत, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी आपली नाही, हा मंचांचा नेहमीचा पवित्रा. पण दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्यापारचिन्हाच्या एका वादात गुगलचा जाहिरात कार्यक्रम निव्वळ निष्क्रिय मध्यस्थ नसून त्यात सक्रिय सहभाग असतो, असे म्हटले. तोच तर्क गेमच्या जाहिरातींपर्यंत नेला गेला तर मंचांना झटकून टाकणे सोपे राहणार नाही.

वाचकाला काय करता येईल?

डाउनलोड करण्याआधी स्टोअरच्या पानावरची चित्रे पाहावीत आणि परीक्षणे ‘सर्वांत नवीन’ क्रमाने वाचावीत. जाहिरात आणि गेम यांचा मेळ नसेल तर तिथे कोणीतरी चिडून लिहिलेले असतेच. नावाखाली ‘जाहिराती आहेत’ आणि ‘अ‍ॅपमध्ये खरेदी’ अशा नोंदी असतात. एका खरेदीची किंमत किती ते किती, हेही प्ले स्टोअरवर दिलेले असते. मोफत गेममध्ये वरची किंमत काही हजारांत दिसली तर देवमासा कोण ते समजावे. मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनवर प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी सुरू ठेवावी. नकळत खरेदी झालीच तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. अ‍ॅपलकडेही तशी सोय आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जाहिरात परिषदेकडे व्हॉट्सअ‍ॅपवरूनही तक्रार करता येते. कमाईच्या आमिषाने कोणी पैसे भरायला लावले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती मेटाच्या ‘अ‍ॅड लायब्ररी’त कोणालाही शोधता येतात, गुगलचेही असे संकेतस्थळ आहे; तिथली लिंक तक्रारीला जोडता येते. गेमच्या आत, दुसऱ्या यंत्रणांमार्फत दाखवली जाणारी जाहिरात तिथे सापडेलच असे नाही. तिचा पुरावा हवा असेल तर पुढच्या वेळी ती पिन चुकीची ओढली जात असतानाच स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करावे लागेल.